ॲसिड ओतण्याआधी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि गाळप आटोपलं की पाडव्याच्या आगेमागे परततात. काही जण दुचाकी ट्रॅक्टरवर टाकून सोबत नेतात. ज्यांची मागे राहते ती पाच-सहा महिने पत्र्याखाली किंवा नुसत्या भिंतीच्या आडोशाला उभी असते, टाकीत जेमतेम लिटर-दीड लिटर पेट्रोल घेऊन. परत आल्यावर किका मारमारून पाय दुखतो, गाडी काही धरत नाही. गॅरेजमध्ये टाकीचं झाकण उघडलं जातं, आत तपकिरी काहीतरी दिसतं आणि निदान होतं: टाकी गंजली, ॲसिडनं धुवा. या निदानात निम्म्या वेळा चूक असते आणि उपायात त्याहून जास्त वेळा. टाकीत तपकिरी दिसणारं सगळं गंज नसतं, आणि जे गंज असतं ते नुसतं काढून भागत नाही. टाकीतली घाण एका जातीची नसते. कोणती जात आहे हे आधी ठरवलं नाही, तर धुतलेली टाकी न धुतलेल्या टाकीपेक्षा लवकर खराब होते, हे या प्रकरणात दाखवायचं आहे.

पहिली जात चिकट्याची. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. थंड इंजिन सुरू करताना ठिणगीला पटकन पेट घेणारे घटक नेमके तेच, म्हणून सहा महिने उभी गाडी सुरू न होण्याचं पहिलं कारण बहुधा गंज नसतो, पेट्रोल शिळं झालेलं असतं. मागे उरतात जड घटक आणि ऑलिफिन गटातले अस्थिर रेणू. हे रेणू हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतात, त्यातून पेरॉक्साइडं तयार होतात, ती एकमेकांना जोडून घेत लांबत जातात आणि शेवटी राळेसारखा साका तळाशी बसतो. कंपन्या पेट्रोलमध्ये हे रोखणारी द्रव्यं घालतात, भारतीय मानकातही पेट्रोलमधल्या अशा राळेवर मर्यादा आहे. पण ती द्रव्यं कधीतरी खर्ची पडतातच, आणि टाकीत पेट्रोल थोडं व हवा जास्त असेल तर लवकर पडतात. शिळ्या पेट्रोलचा वास आंबूस येतो, रंग चहासारखा होतो. तळाशी बसलेला थर गडद तपकिरी असतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला तो गंजच वाटतो. त्यात लोखंड मात्र कणभरही नसतं.

दुसरी जात खऱ्या गंजाची. लोखंड, पाणी आणि प्राणवायू, तिन्ही एकत्र आल्याशिवाय गंज चढत नाही. प्राणवायू टाकीत असतोच, लोखंड पत्र्याचं आहे, तेव्हा प्रश्न उरतो पाण्याचा. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जिल्ह्यात टाकीत पाणी येतं कुठून? ठरावीक उत्तर असं की दिवसा तापते, रात्री निवते, त्यामुळे टाकी श्वास घेते आणि हवेतला दमटपणा आत ओढते. हे खरं आहे, पण किती खरं आहे ते मोजून पाहावं. टाकीत १० लिटर मोकळी जागा धरा. दिवस-रात्रीच्या तापमानात १५ अंशांचा फरक पडला तर हवेचं आकारमान सुमारे ५ टक्क्यांनी बदलतं, म्हणजे अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. हिवाळ्यातल्या एक घनमीटर हवेत १० ग्रॅम वाफ धरली तर अर्ध्या लिटरमध्ये ती ग्रॅमचा दोनशेवा भाग भरते. सहा महिन्यांत ही सगळीच्या सगळी वाफ आत अडकली असं मानलं तरी पाणी होतं एक ग्रॅमच्या आत-बाहेर. एवढ्या पाण्यानं टाकीच्या वरच्या आतल्या भागावर तांबूस झाक येईल. मूठभर पापुद्रे निघतील असा गंज त्यातून होत नाही.

तो गंज करणारं पाणी झाकणातून येतं. बऱ्याच मोटारसायकलींचं झाकण टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसवलेलं असतं आणि त्याच्या कडेच्या खोबणीत एक बारीक भोक असतं. खोबणीत पडलेलं पावसाचं पाणी त्या भोकातून टाकीच्या आतून जाणाऱ्या नळीवाटे खाली रस्त्यावर पडावं, अशी ती योजना. काळ्या मातीच्या वाटांवर फिरणाऱ्या गाडीचं हे भोक एका उन्हाळ्यात धुळीनं बुजतं. मग वळवाच्या सरीत खोबणी भरते, झाकणाचं रबर उन्हानं कडक होऊन चिरलेलं असतं आणि एकेका पावसाला चमचा चमचा पाणी आत उतरतं. सहा महिन्यांच्या श्वासोच्छ्वासातून जेवढं पाणी येईल त्याच्या कितीतरी पट पाणी एका संध्याकाळी येतं. कोरड्या जिल्ह्यातल्या टाक्या गंजतात त्या हवामानापेक्षा धुळीमुळे, असं म्हणायला माझ्या मते पुरेसा आधार आहे. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा थेट झाकणावर मारण्याची सवयही यातच मोजावी.

इथे हमखास एक आक्षेप येतो: हे सगळं इथेनॉलमुळे होतं. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, आणि बीडमध्ये तर त्याला वेगळी धार आहे, कारण इथल्याच कोयत्यांनी तोडलेल्या उसाच्या मळीतून आणि रसातून ते इथेनॉल तयार होतं. थेट रसापासून केलं तर एक टन उसातून साधारण ७० लिटर मिळतं. देशात ५ टक्के मिश्रणाची सुरुवात काही राज्यांत २००३ साली झाली, २०२२ च्या मध्यावर मिश्रण सरासरी १० टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल पंपावर आलं आणि २०२५ मध्ये तेच सर्रास झालं. इथेनॉल पाण्याला जवळ करतं हे पक्कं. पण त्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. आलेला प्रत्येक थेंब तळाशी जाऊन पत्र्याला चिकटून बसतो. इथेनॉल असेल तर थोडं पाणी पेट्रोलमध्येच सामावतं आणि इंजिनात जाऊन वाफ होऊन निघून जातं. १० टक्के मिश्रण साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, २० टक्क्यांचं त्याहून जास्त. म्हणजे रोज चालणाऱ्या गाडीची टाकी इथेनॉलमुळे उलट कोरडी राहायला मदत होते.

धोका आहे तो उभ्या गाडीला. सामावण्याची मर्यादा ओलांडली की पाणी एकटं खाली येत नाही, सोबत इथेनॉललाही ओढून आणतं आणि तळाशी दोघांचा वेगळा थर बसतो. तो विजेचा बऱ्यापैकी वाहक असतो, त्यात आम्ल आणि क्षार विरघळलेले असू शकतात, आणि पत्र्याला तो नुसत्या पाण्याच्या थेंबापेक्षा जास्त जागेवर भिडतो. पावसाळ्यात पंपावर बाटलीत पेट्रोल धरून तळाचा गढूळ थर दाखवत भांडणं होतात, तिथला थर पुष्कळदा हाच असतो. तेवढं सगळं पाणी पंपवाल्यानं घातलं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण थोडं पाणी कुठूनतरी शिरलंय हे मात्र होतं. आणखी एक गोष्ट इथेनॉलच्या माथी मारली जाते. जुन्या गाडीत नवं मिश्रण भरल्यावर आठवड्याभरात गाळणी तुंबते आणि लोक म्हणतात, पेट्रोलनं टाकी खाल्ली. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. वर्षानुवर्षं पत्र्याला धरून बसलेली राळ ते सैल करतं. ती घाण जुनीच असते, आता फक्त सुटलेली असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशर मात्र इथेनॉलनं खरोखर फुगतात-चिरतात, तो आरोप रास्त आहे.

तेव्हा निदान. टाकी उतरवा, कॉक आणि काटा काढा, पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत गाळून अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे, मग गंज असण्याचा संभव मोठा. नंतर टाकीत विजेरीनं पाहा. काडी पेटवून पाहणारे अजून आहेत म्हणून हे लिहावं लागतं. घाण नेमकी कुठे आहे, हा सगळ्यात बोलका पुरावा. झाकणाच्या तोंडापासून खाली ओघळ उतरलेला असेल तर पाणी झाकणातून आलं. इंधनाच्या पातळीच्या वर, टाकीच्या छतावर सारखी तांबूस भुकटी असेल तर टाकी बराच काळ रिकामी उभी होती. तळाच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट कप्प्यांत, जिथून कॉकलाही पेट्रोल ओढता येत नाही, तिथे जाड पापुद्रे असतील तर पाणी महिनोन्महिने साठून होतं. पत्रा पातळ होऊन भोक पडतं तेही तिथेच. आणि थर फक्त पेट्रोलच्या रेषेखाली, गुळगुळीत, चकाकणारा असेल तर तो चिकटा. शंका राहिलीच तर थोडी घाण तारेनं खरवडून दोन वाट्यांत घ्या. एकीत थिनर टाका, दुसरीत लिंबूसत्त्वाचं कोमट पाणी. थिनरमध्ये विरघळून रंग सोडला तर राळ. थिनरला दाद न देता आंबट पाण्यात हळूहळू विरत गेली तर गंज. दोन्हीकडे थोडं थोडं घडलं तर दोन्ही आहेत, आणि जुन्या टाकीत बहुतेक वेळा तसंच असतं. या पाच मिनिटांच्या परीक्षेवर पुढचं सगळं अवलंबून आहे, तरी गॅरेजमध्ये ती क्वचितच होते, कारण गिऱ्हाईक समोर घाई करत उभं असतं आणि ॲसिडची बाटली हाताशी असते.

साफसफाईच्या आधी रिकाम्या टाकीबद्दल. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड टक्का झाली की ठिणगीनं पेट घेते, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली की हवा अपुरी पडून घेत नाही. त्यामुळे भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक. हिशेब केला तर १० लिटरच्या टाकीत एक मिलिलिटरही पेट्रोल उरलं नसताना, पंधरा-वीस थेंबांच्या वाफेवर, आतली हवा स्फोटक होते. एवढं पेट्रोल राळेच्या थरात किंवा पत्र्याच्या दुमडीत सहज दडून राहतं. टाकीला भोक पडलं म्हणून ती तशीच गॅस वेल्डिंगला नेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. धुऊन, दोन दिवस वाळवून, वास येत नाही म्हणून नेली तरी धोका संपत नाही. जाणते मिस्त्री ती साबणाच्या पाण्यानं वारंवार धुऊन, काठोकाठ पाण्यानं भरून, डाग द्यायच्या जागेपुरती मोकळी ठेवून मगच ज्योत लावतात. घरी करण्यासारखं हे काम नाही. पेट्रोल तोंडानं ओढून काढण्याचीही तीच गोष्ट. त्यात बेंझीन असतं, आणि ते कर्करोगाला कारण होतं हे आता वादातीत आहे.

क्रम असा की चिकटा आधी, गंज नंतर. तेलकट राळेखाली दडलेल्या गंजापर्यंत आम्ल पोचतच नाही. ते उघड्या चांगल्या पत्र्यालाच खात बसतं. ॲसिडनं धुऊनही टाकीत ठिगळं-ठिगळं गंज राहतो त्याचं कारण हेच. राळेसाठी ॲसिटोन किंवा थिनर लिटर-दीड लिटर घालावं, तोंडं रबरी बुचांनी बंद करावीत, मधूनमधून टाकी पालथी-उताणी करत काही तास ठेवावी, आणि हे सगळं उघड्यावर, सावलीत, चुलीपासून आणि विडीपासून लांब. डिझेलनं खंगाळणं स्वस्त पडतं, पण जुनी कडक राळ त्याला फारशी बधत नाही. नंतर भांड्याच्या साबणाचं गरम पाणी, पुन्हा पुन्हा, पाण्यावर तेलाचे डोळे दिसेनासे होईपर्यंत. ज्या टाकीचा दोष नुसता चिकट्याचा होता तिचं काम इथेच संपतं. तिच्यात आम्ल ओतण्याचं काही कारण नाही, उलट तोटा आहे: टाकीच्या पत्र्याला आतून पुष्कळदा जस्ताचा किंवा कथलाचा मुलामा असतो, आणि आम्ल सर्वांत आधी जस्ताला खातं. मुलामा गेला की पुढच्या पावसात उघडं लोखंड पाण्याच्या स्वाधीन.

गंज असेल तर कोणतं आम्ल, हा खरा प्रश्न. बाजारात नुसतं ‘ॲसिड’ म्हणून मिळतं, संडास आणि फरशी धुवायला वापरतात, ते हायड्रोक्लोरिक. ते झपाट्यानं काम करतं यात वाद नाही, आणि त्याच्या लोकप्रियतेचं कारणही तेच. पण ते गंजाइतक्याच उत्साहानं पत्र्यालाही खातं, खाताना हायड्रोजन वायू सोडतं, आणि टाकीच्या दुमडलेल्या सांध्यांत त्याचे क्लोराइड राहून जातात. क्लोराइड असलेल्या जागी लोखंड पुन्हा गंजतं ते आतल्या आत, टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांनी. वर्षभरानं सांध्यातून पेट्रोल पाझरायला लागलं की दोष कंपनीला दिला जातो. लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, हे काम सावकाश पण सभ्यपणे करतं. दर लिटर गरम पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घालून त्या पाण्यानं टाकी काठोकाठ भरावी, रात्रभर ठेवावी, पाणी हिरवट-काळं झालं की बदलावं. चिंचेनं तांब्याचा हंडा लख्ख होतो त्यामागे अशाच सौम्य सेंद्रिय आम्लाची करामत आहे. धातूवरचा ऑक्साइड विरघळतो आणि खालचा धातू फारसा दुखावत नाही. टाकीत मात्र चिंच नको, तिचा चोथा सांध्यांतून निघत नाही. शीतपेय ओतण्याचा सल्लाही सतत फिरत असतो. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं हे खरं, पण ते फारच पातळ, आणि सोबत साखरेचा पाक. एक चिकटा काढून दुसरा भरण्यात काय हशील?

फॉस्फोरिक आम्ल मात्र नीट तयार केलेल्या गंजनाशकाच्या रूपात वापरलं तर त्याचा एक गुण इतरांत नाही. ते गंज काढताना पत्र्यावर लोहफॉस्फेटचा पातळ, राखाडी-काळा थर मागे ठेवतं आणि तो थर पुढच्या गंजाला काही काळ अडवतो. दिल्लीच्या मेहरौलीतला लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं उघड्यावर उभा आहे. त्याच्या न गंजण्याचा शोध कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी घेतला, तेव्हा त्यांना लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण भरपूर आणि पृष्ठभागावर लोहफॉस्फेटचं संरक्षक कवच सापडलं. टाकीतला थर त्या कवचाच्या पासंगालाही पुरत नाही आणि पाण्यात बुडून राहिला तर टिकतही नाही, पण धुण्यापासून भरण्यापर्यंतचे काही तास तो निभावून नेतो, आणि तेवढीच त्याच्याकडून अपेक्षा आहे.

आम्लाला पर्याय विजेचा. टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, मधोमध लोखंडी सळई टाकीला न टेकवता लोंबकळत ठेवायची, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं धन टोक सळईला, ऋण टोक टाकीला. गंज सुटतो, सळई झिजते, चांगला पत्रा शाबूत राहतो. अडचण एवढीच की वीज सरळ वाट पकडते, त्यामुळे आतल्या आडोशाच्या कोपऱ्यांत काम कमी होतं. यात हायड्रोजन निघतो, तेव्हा खोली बंद नको, आणि टोकं जोडता-काढताना चार्जरचा प्लग आधी काढलेला हवा. सळई स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन निघेल. पापुद्रे फार जाड असतील तर आधी साखळीचा तुकडा टाकीत घालून ती हलवावी. नट-बोल्ट किंवा खडी घालणारे घालतात, पण त्यातलं एखादं आत राहिलं तर जन्मभर खडखडत राहतं. साखळी एका टोकाला धरून बाहेर ओढता येते.

यानंतरचा तासाभराचा काळ सर्वांत नाजूक, आणि बहुतेक टाक्या वाया जातात त्या याच तासात. आम्लातून नुकतंच निघालेलं लोखंड इतकं उघडं असतं की ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत नारिंगी होतं. म्हणून आम्लाचं पाणी ओतलं की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी घालून उरलेली आम्लता मारावी, आणि मग साध्या पाण्यानं धुवावं. साधं म्हणजे कोणतं? जिल्ह्यातल्या बालाघाट डोंगररांगेच्या परिसरात गावोगावचं बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही असं. ते पत्र्यावर वाळलं की क्षार मागे ठेवतं आणि क्षाराच्या प्रत्येक ठिपक्याखाली गंज सुरू होतो. शेवटचं खंगाळणं तरी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं करावं, दोन लिटर पुरतं. वाळवण्याच्या बाबतीत मात्र हा जिल्हा भाग्यवान. एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात, टायर दुकानातल्या हवेचा झोत आतून मारून पालथी ठेवलेली टाकी पाहता पाहता कोरडी होते. कोकणात पावसाळ्यात हेच काम करायचं तर चार दिवस पंखा लावून बसावं लागेल. कोरडी झाली की पन्नास-साठ मिलिलिटर इंजिन ऑइल आत फिरवून सगळ्या भिंतींना लावावं आणि त्याच दिवशी पेट्रोल भरावं. पहिल्या टाकीला धूर येईल, येऊ द्यावा.

एवढी यातायात कशाला, पंधरा-वीस रुपयांची गाळणी नळीत बसवली की झालं, असं म्हणणारे पुष्कळ. कार्बोरेटरच्या गाडीत काही महिने झालंही, कारण जेट तुंबलं तर रस्त्याच्या कडेला काढून फुंकता येतं. पण गंजाची सर्वांत बारीक भुकटी कागदी गाळणीतूनही जाते. आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक नव्या दुचाकींत इंजेक्शन आलं; पेट्रोलचा पंपच टाकीच्या आत, तळाशी, त्या साक्यात बुडालेला असतो. तो काही हजारांना येतो, रस्त्यावर फुंकून दुरुस्त होत नाही. दुसरा पर्याय नव्या टाकीचा. कप्प्यात भोक पडलं असेल, पत्रा अंगठ्यानं दाबला तर लवत असेल, तर नवी टाकी हाच सरळ उपाय, आणि त्यात कंजुषी करू नये. आतून इपॉक्सीचा लेप देण्याबद्दल मी साशंक आहे. कणभर गंज किंवा तेल राहिलं तर लेप धरत नाही, इथेनॉल न सोसणारा लेप फुगून सोलून निघतो आणि त्या सोलपटांनी पंप तुंबला की आधीचा गंज बरा होता असं वाटतं.

ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. डिझेलमध्ये इथेनॉल नाही आणि डिझेल स्वतः थोडं तेलकट असल्यानं पत्रा बराच सांभाळतं. पण हंगाम संपल्यावर उसाची वाहतूक करणारे ट्रॅक्टर पावसाळ्यात उभे राहतात, टाकीच्या तळाशी पाणी साचतं, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर चक्क बुरशी वाढते. हॉर्मोकोनिस रेझिनी ही त्यातली प्रसिद्ध. विमानांच्या इंधनटाक्यांनाही तिनं सतावलं आहे. तिला अन्न डिझेलचं आणि ओलावा पाण्याचा. फिल्टरमध्ये काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा गोळा सापडला तर तो गंज नव्हे. तिथे आम्लाचा उपयोग शून्य; तळाचा बोल्ट काढून पाणी सोडायचं, टाकी पुसून-धुऊन घ्यायची आणि पाण्याची वाट बंद करायची. पाणी नसेल तर बुरशी नाही.

उभ्या गाडीची टाकी कशी ठेवावी यावर पुस्तकी सल्ला एकमुखी आहे: काठोकाठ भरा, म्हणजे हवेला जागाच उरत नाही. रसायनशास्त्र म्हणून तो बिनचूक आहे. पण शंभराच्या वर भाव असताना हजार रुपयांचं पेट्रोल सहा महिने टाकीत सोडून जाणं, तेही टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला निघालेल्या घरानं, आणि मागे राखायला फक्त म्हातारी माणसं, हे त्या सल्ल्यात धरलेलं नाही. परतेपर्यंत ते पेट्रोल शिल्लक असेल याचीही खात्री नाही. अशा घराला उलटा मार्ग परवडतो. टाकी पूर्ण रिकामी करावी, कार्बोरेटर असेल तर त्याचा तळाचा स्क्रू सोडून तोही. काढलेलं पेट्रोल शेजाऱ्याच्या चालत्या गाडीत खपवावं. कोरड्या टाकीत वाटीभर इंजिन ऑइल फिरवून जास्तीचं ओतून टाकावं. झाकणाचं भोक तारेनं मोकळं करून वरून प्लास्टिकचा कागद बांधावा, म्हणजे अवकाळी पावसाची सर आत जाणार नाही. इंजेक्शनच्या गाडीत मात्र पंप अगदी कोरडा पडू देऊ नये. तिथे दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल ठेवून महिन्यातून एकदा घरातल्या कोणीतरी दहा मिनिटं इंजिन चालवावं. अर्धवट भरलेली, न चालणारी आणि झाकण उघडं पडलेली टाकी, हा सर्वांत वाईट पर्याय, आणि आज तोच सर्वाधिक दिसतो.

राहता राहिलं टाकीतून निघालेलं पाणी. गॅरेजच्या मागच्या नालीत किंवा उकिरड्यावर ते ओतून देण्याची रीत आहे. बीडच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते त्याच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात, आणि विहिरी व हातपंप त्याच थरातून उपसा करतात. भेगेतून उतरलेलं पेट्रोल वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही, ते थेट पाण्याला भिडतं, आणि दुष्काळी गावात ती विहीर कदाचित एकुलती एक असते. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात धुण्याचा सोडा फसफसणं थांबेपर्यंत घातला की त्याची आम्लता मरते. ते विहिरीपासून दूर, रस्त्याकडेच्या कोरड्या मातीत थोडं थोडं जिरवता येतं. शिळं पेट्रोल आणि थिनरचं धुवण मात्र वेगवेगळ्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवावं. ते काळ्या ऑइलच्या पिंपात मिसळू नये, कारण पेट्रोल पडलेलं पिंप पेट घेऊ शकतं आणि पुनर्प्रक्रियेलाही चालत नाही. घातक कचऱ्याबाबतच्या २०१६ च्या नियमांनुसार असलं द्रव परवानाधारकाकडेच जायला हवं, आणि जळकं ऑइल विकत घेणारे शहरातल्या बहुतेक मोठ्या गॅरेजांकडे येतच असतात. पेट्रोलचा डबा वेगळा दाखवून त्यांना विचारावं; नेतात की नाही हे डब्यावर काय लिहिलंय यावरही ठरतं, तेव्हा आत काय आहे ते डब्यावर ठळक लिहून ठेवावं.